बॅटरीवरची लाख

गौतम, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. बुद्धवंदना झाली, तुझ्या बेळगावच्या कॉलेजातले दोघं बोलून बसले, आणि माझं नाव पुकारलं गेलं: 'गौतमचे जुने सहकारी, थोरल्या भावासारखे, वसंतअण्णा.' मी उठलो. सतरंजीवर पहिल्या रांगेत तुझी आई, आपल्या तानाआक्का, डोक्यावर पदर घेऊन माझ्याकडं बघत होत्या. 'गौतम चांगला माणूस होता' एवढं म्हणून मी खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवेना. दुःख होतंच, पण बोलणं अडलं ते दुसऱ्याच कारणानं. 'थोरल्या भावासारखे' हे ऐकल्यावर मी तुझ्या तसबिरीकडं बघितलं. तू हसत होतास. ते हसणं साधं आहे की मला उद्देशून आहे, हे मला कळेना.

बघ, तू गेलास तरी माझा संशय गेला नाही. बेळगावहून येणाऱ्या बसमध्ये, संकेश्वर सोडल्यावर तुझ्या छातीत कळ आली आणि निपाणीचा स्टँड यायच्या आत सगळं संपलं, हे मी त्या कंडक्टरकडून तीनदा ऐकलं. बस कुठं थांबवली, किती वेळ थांबवली, पाणी कुणी दिलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मामा, तुमी पोलिसात हाय काय?" मी म्हणालो, "न्हाय, स्टोअरकीपर हाय." तू असतास तर पोट धरून हसला असतास. स्टोअरकीपरला दोनच गोष्टी येतात, मोजणं आणि संशय घेणं, हे तुझंच म्हणणं. देवळात गेलो तर चपला काढताना मी अजून मागं वळून बघतो. आमच्या खानापूरच्या बाजूला म्हण आहे, संशयी माणसाचं जेवण निम्मं घशातच अडकतं. माझं तर आयुष्यच असं गेलं.

तू आमच्या पूरसूचनेच्या वायरलेस केंद्रात आलास तो दिवस मला आठवतो. ऐंशी सालानंतरचा चौथा की पाचवा पावसाळा तोंडावर आला होता. बेळगावला पॉलिटेक्निक शिकून आलेला, बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशात टेस्टर खोचलेला. सहा महिन्यांची तात्पुरती ऑर्डर हातात. पावसाळाभर काम बघून कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आई विड्या वळते, वडील लहानपणीच गेले, वस्तीतून डिप्लोमापर्यंत पोचलेला पहिला, हे सगळं तू पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर सांगून टाकलंस. मला वाटलं, हा एवढं मोकळं का बोलतोय? काहीतरी हवं असणार.

आमचं केंद्र म्हणजे तरी काय होतं. बोरगावजवळ दूधगंगेच्या काठावर एक पेटी, तिच्यात पाण्यावर तरंगणारा गोळा. पाणी चढेल तसा गोळा चढायचा आणि पेटी दर तासाला तो आकडा टूंऽटूं करत हवेत सोडायची. तवंदीच्या डोंगरावर आपलं मधलं ठाणं, ते आकडा पकडून पुढं निपाणीला ढकलायचं. निपाणीत मी सेटवरच्या दिव्यांकडं बघून तो आकडा रजिस्टरात लिहायचो. पण वाटेत विजा कडाडायच्या, हायवेवरच्या गाड्यांच्या प्लगची खरखर मिसळायची आणि आकडा बिघडायचा. नदी एका तासात दहा फूट चढायची, पुढच्या तासात दहा फूट उतरायची. काठावरचे शेतकरी नदीतल्या पंपांच्या मोटारी दोरखंडानं ओढून वर आणायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला शिव्या द्यायचे. "तुमची नदी कागदावरच चढतीया व्हय?" असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला होता.

त्यावर तू औषध काढलंस. डोंगरावरच्या ठाण्यात बसवायची सर्किटची एक पाटी, आयसीच्या चिपा लावलेली, आलेला आकडा तपासून चूक असेल तर जागच्या जागी दुरुस्त करणारी. मला ते पटेना. चूक झाली हे कळेल एकवेळ, पण मूळ आकडा कुठला होता हे त्या पाटीला कसं कळणार? तिला काय स्वप्न पडतं? तू म्हणालास, "अण्णा, घरला चला. आईकडं दाखवतो."

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आलो ते तेव्हा. आक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. तू त्यांच्या पुढ्यातला विड्यांचा एक कट्टा उचललास, दोरा सोडलास आणि पंचवीस विड्या सुपावर पाच ओळींत मांडल्यास. काहींचं तोंड वर, काहींचं खाली. "सोळा विड्या ही बातमी," म्हणालास, "आनि या कडंच्या नऊ राखणदार. कुठल्याबी ओळीत, आडवी घ्या न्हायतर उभी, तोंड वर असलेल्या विड्या जोडीजोडीनंच निघतील. आता मी भिंतीकडं बघतो. तुमी एक विडी उलटी करा."

मी केली. तू वळलास, एक आडवी ओळ मोजलीस, एक उभी मोजलीस, आणि दोन्ही जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथली विडी उचलून माझ्या हातात दिलीस. तीच होती. मी आक्कांकडं बघितलं. वाटलं, म्हातारीनं खूण केली असणार. मी त्यांना पाणी आणायच्या निमित्तानं आत पाठवलं आणि पुन्हा एक विडी उलटी केली. तू पुन्हा तीच उचललीस. मग मी तुझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून तुला कोपऱ्यात उभं केलं. तिसऱ्यांदा जमल्यावर आक्का आतून म्हणाल्या, "वसंता, पानी पिशील तरी, का त्यात बी काय घातलंय का बघनार?" तू एवढा हसलास की सुपावरच्या विड्या सांडल्या. मीही हसलो. त्या घरातलं पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो, आणि तुला खरं सांगतो, तांब्या तोंडाला लावायच्या आधी दारातून कुणी बघत नाही ना, हे मी बघून घेतलं होतं. ते कशासाठी हे मला तेव्हाही कळत होतं.

पाटी डोंगरावर बसली आणि नदी सरळ वागायला लागली. आकडे कसे शहाण्या मुलासारखे एकामागून एक यायचे. मोटारी ओढणाऱ्यांची कटकट थांबली. आमचे इंजिनियर साहेब धारवाडकडचे, मोजकं बोलणारे. रजिस्टर चाळून ते कानडीत "आयतु, आयतु", म्हणजे झालं झालं, म्हणाले. तेवढं झालं की काम झालं असं आम्ही समजायचो. तू कायम होणार हे ऑफिसातल्या शिपायानंसुद्धा धरून ठेवलं होतं.

आणि मग बॅटऱ्या मरायला लागल्या.

डोंगरावर वीज नव्हती. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आळीपाळीनं जायच्या, एक वर चालायची तेव्हा दुसरी माझ्याकडं चार्जिंगला. दहा दिवस पुरायची ती बॅटरी तीन दिवसांत मान टाकायला लागली. तूच ती खाली आणायचास आणि तूच वर न्यायचास, निपाणीहून घाटापर्यंत बसनं आणि पुढं अर्धा तास चढण. मी अॅसिड तपासलं, चार्जर तपासला, सगळं ठीक. मग चूक कुठं? माझ्या डोक्यात आकडा नव्हता, माणूस होता. त्या वर्षांत गावोगाव टीव्ही आले होते, वीज नसेल तिथं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचे. चार्ज केलेल्या बॅटरीला गिऱ्हाईक कुठंही होतं.

म्हणून मी लाख लावली. बॅटरीच्या दोन्ही टोकांना वायरी नट-बोल्टनं आवळलेल्या असायच्या आणि त्यांच्या शेवटी जो प्लग होता तो फक्त आपल्याच सेटला बसायचा. करंट दुसरीकडं वापरायचा तर नट सैल करणं भाग होतं. मी दोन्ही नटांवर लाल लाख वितळवून ओतली. तू विचारलंस, "अण्णा, हे काय?" मी म्हणालो, "ओल लागू नये म्हणून." तू त्या लाखेकडं जरा वेळ बघितलंस आणि म्हणालास, "व्हय. ओल लई वाईट."

लाख फुटली नाही. बॅटरी तीन दिवसांत मरून परत आली, नटांवर लाख जशीच्या तशी. आता शहाण्या माणसानं काय समजावं? इथं काही नाही, दुसरीकडं शोध. मी समजलो, हा पक्का आहे, स्वतःची लाख आणून पुन्हा ओततोय. तंबाखूच्या पेठेत मालाला सील करायला लागणाऱ्या लाखेला काय तोटा. पुढच्या वेळी मी मऊ लाखेत माझ्या शर्टाचं बटण दाबलं, चार भोकांचा ठसा उठला. तोही ठसा शाबूत परत आला. मला वाटलं, तसलं बटण ह्यानं मिळवलं असणार. दोन दिवस मी ऑफिसात सगळ्यांच्या शर्टांची बटणं बघत होतो.

आणखी एक गोष्ट मी मनात टिपून ठेवली होती. तुझ्या पँटीला मांडीवर बारीक भोकं पडायला लागली होती. अॅसिडची भोकं, मी ती कुठंही ओळखतो. बॅटरी नुसती उचलून नेणाऱ्याच्या मांडीवर अॅसिड कसं सांडेल? हा घरी बॅटरी उघडतोय, मी ठरवून टाकलं.

मग एका रविवारी कसल्याशा कामाचं निमित्त करून मी तुझ्या दारात आलो. तू नव्हतास. आक्कांनी आत बोलावलं. कोपऱ्यात जमिनीवर बारा व्होल्टची बॅटरी होती, तिला तारा जोडलेल्या, तारांच्या शेवटी तुझ्या त्या पाटीसारखीच एक पाटी आणि शेजारी मीटर. मी बॅटरीकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं. त्यांनी चहा ठेवला. एक प्रश्न विचारायचा होता, "आक्का, ही बॅटरी कुणाची?" एवढाच. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं. मी चहा प्यालो, कप खाली ठेवला आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना चार ओळी लिहून दिल्या. इंग्रजीत लिहिल्या, कारण ऑफिसात तसंच चालायचं, आणि आता वाटतं, परक्या भाषेत लिहिलेलं आपलं वाटत नाही. सदर तंत्रज्ञाच्या घरी त्याच जातीची बॅटरी आढळली, बॅटऱ्या लवकर उतरत आहेत, गैरवापराची शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा मराठीत अर्थ. लाखेबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. लाख शाबूत होती हे लिहिलं असतं तर बाकीच्या ओळी उभ्याच राहिल्या नसत्या.

तू आमच्या गल्लीतला असतास, आमच्या भावकीतला, तर मी लाख लावली असती का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर मला माहीत आहे. तेव्हाच्या माझ्या हिशेबात चोर आधी ठरला होता, चोरी मागून शोधली. मला त्याची लाज वाटते, गौतम. इतकी की ती लाज झाकायला मी पुढं चार-पाच वर्षं तुझ्याशी जरा जास्तच गोड वागलो.

पंधरा दिवसांनी तू उड्या मारतच स्टोअरमध्ये आलास. "अण्णा, चोर घावला." माझ्या हातातली किल्ली खाली पडली. तू मला ओढत टेबलापाशी नेलंस, पाटी मांडलीस, मीटर जोडलास. "हात लावा," म्हणालास. आयसींना हात लावला तर चटका बसला. "ह्यो चोर. एक एक आकडा तपासायचा म्हणून ही पाटी दिवसभर जागी ऱ्हाती. आकडा बरोबर असला तरी समद्या ओळी मोजती, आडव्या-उभ्या. मोजायला करंट लागतो. नुसतं ऐकायला आनि पुढं धाडायला जेवढा लागतो, त्याच्या दुप्पट ही बया संशय घ्यायलाच खाती." घरातली ती बॅटरी तू ट्रॅक्टरच्या मेस्त्रीकडून मागून आणली होतीस. ऑफिसच्या बॅटरीवर प्रयोग नको, उगाच कुणी काही म्हणेल, म्हणून.

उपाय तुला आक्कांनी दिला होता. विड्यांच्या कारखान्यात चेकर कट्टे घेताना कसा बघतो, ते त्यांनी तुला सांगितलं. तो कट्टा तळहातावर जरा उडवतो. वजनाला बरोबर लागला की बाजूला ठेवतो. हलका लागला तरच दोरा सोडून आतल्या विड्या बघतो आणि छाट, म्हणजे खराब विड्या, काढतो. आक्का म्हणाल्या होत्या, "समदे कट्टे सोडून बघत बसला तर त्येचा दिस तितंच मावळंल. आनि बघता बघता चांगल्या विड्या बी मोडतील." तू तेच केलंस. मोठी पाटी झोपवून ठेवलीस आणि दारात एक छोटी तपासणी बसवलीस. पंचवीसच्या पंचवीस एकदम मोजायच्या. तोंड वर असलेल्या जोडीजोडीनं निघाल्या तर आकडा पुढं जाऊ दे. एक उरली तरच मोठीला उठवायचं.

मी लगेच म्हणालो, "आणि दोन विड्या एकदम उलटल्या तर? जोडी जमंल, चूक निसटून जाईल."

"जाईल की," तू म्हणालास. "एखादी जाईल. पन अण्णा, एखादी जाईल म्हणून समद्यांवर जन्मभर नजर ठेवायची? तासाभरानं पुढचा आकडा येतोच. नदी काय उडी मारत न्हाय. कळंल तवा."

"आणि त्या एका तासात कुणाची मोटार वाहून गेली तर?"

तू मीटरच्या तारा सोडवल्यास. मग म्हणालास, "आनि बॅटरीच मेली तर? मग तर समदेच तास गेले." हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी तासाच्या बाजूनं, तू बॅटरीच्या. तुझ्या जाण्याआधीच्या शनिवारीसुद्धा आपण त्यावर बोललो होतो.

नवी जोडणी डोंगरावर गेली आणि बॅटरी नऊ दिवस चालली. मी स्वतः रजिस्टरात नोंद केली. त्या दिवशी मला फक्त आणखी चार ओळी लिहायच्या होत्या. माझा आधीचा अंदाज चुकीचा होता, करंट पाटीच खात होती, तंत्रज्ञानं दोष स्वतः शोधून काढला आहे. कागद पुढं घेतला, पेनात शाई भरली. मग वाटलं, साहेब म्हणतील, मग आधी कशाच्या आधारावर लिहिलंत? स्टोअरकीपरनं आपलंच लिहिलेलं खोडणं म्हणजे पायावर धोंडा. साहेबांनी तो कागद बहुतेक वाचलाही नसेल, अशी मी मनाची समजूत काढली. तुझी पाटी चूक पकडायची आणि दुरुस्तही करायची. मी माझी चूक पकडली आणि फाईल बंद केली.

साहेबांनी कागद वाचला होता. पावसाळा संपला आणि तुझी ऑर्डर पुढं वाढली नाही. पाटीही डोंगरावरून उतरवली, नवीन वस्तूची भानगड नको म्हणून. तू स्टोअरमध्ये टेस्टर आणि मीटर जमा करायला आलास. सगळं टेबलावर ओळीनं मांडलंस, पावतीवर सही केलीस आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस, "अण्णा, कुनी काय लिवलंवतं काय माझ्यावर?"

मी म्हणालो, "वरच्यांचं वरच्यांना माहीत."

तू मान हलवलीस. त्या मान हलवण्याचा अर्थ मी इतकी वर्षं लावत आलोय. पटलं म्हणून हलवलीस, की 'कळलं' म्हणून?

नंतरचं तुझं आयुष्य तुझ्या हिमतीचं. दोन वर्षं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काढलीस, मग बेळगावच्या कॉलेजच्या लॅबमध्ये लागलास आणि रोज निपाणी-बेळगाव, बेळगाव-निपाणी. शनिवारी उतरलास की आधी माझ्याकडं. माझ्या विद्याचं गणित तू तीन वर्षं घेतलंस. तिला मॅट्रिकला गणितात जे मार्क पडले ते तुझे आहेत, हे ती अजून सांगते. आमचा टीव्ही तू इतक्यांदा उघडलास की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. माझी बायको तुझ्यासाठी थालीपीठ झाकून ठेवायची. आणि मी, तू का येतोस याचा विचार करत बसायचो. ह्याला सगळं माहीत आहे आणि हा माझ्याकडून कबुली यायची वाट बघतोय, असं मला प्रत्येक शनिवारी वाटायचं. तू नुसता जेवायला येत होतास हे मला पटतच नव्हतं.

शेवटच्या शनिवारी तू एक चिमुकली पाटी दाखवायला आणली होतीस. नव्या जातीचे आयसी, हात लावला तर गारगार. म्हणालास, त्याच कामाला आता एवढासा करंट लागतो, महिनाभर जागी राहिली तरी बॅटरीला पत्ता लागणार नाही. "संशय स्वस्त झाला बघा, अण्णा. आता दोन विड्या उलटल्या तरी धरता येतील. तुमचं बी खरं, माझं बी खरं."

मी म्हणालो, "माझा अजून महागच पडतोय."

तू विचारलंस, "म्हंजे?" तेवढ्यात विद्या चहा घेऊन आली आणि ते तसंच राहिलं. सांगायला तोंड उघडलं होतं, गौतम. हे तू खरं मान किंवा मानू नकोस. मान, असं म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही.

परवा कार्यक्रम संपल्यावर मी निघालो तर आक्कांनी हाताला धरून बसवलं. माणसं पांगली होती. तुझी बायको शोभा आत मुलाला निजवत होती. आक्कांचे हात रिकामे होते, सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं. विडी वळताना चालतात तशी त्यांची बोटं नुसतीच चालत होती.

"वसंता," त्या म्हणाल्या, "तू त्या बॅटरीला लाख लावायचास न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

"त्यानं मला सांगिटलंवतं. म्हनला, आई, अण्णांनी लाख लावल्या ते लई बरं झालं. आपल्या मानसावर बोट दावायला कुनाला येळ लागत न्हाय. उद्या कोन काय बोललं तर ती लाखच साक्ष दिल. मग काय, ती लाख फुटू न्हाय म्हनून जीव टाकायचा. यष्टीत खाली ठेवली तर आदळून तडकंल म्हनून मांडीवर घिऊन बसायचा, तान्ह्या पोरागत. त्या अॅसिडानं त्याच्या दोन पँटी गेल्या. मी ठिगळं लावली. त्यातली एक हाय अजून."

मांडीवरची भोकं मी मोजली होती. घाटाच्या वळणांवर ते सगळं ओझं मांडीवर घेऊन बसलेला तू मला कधी दिसला नव्हतास. माझा ठसा तू माझ्यापेक्षा जास्त जपलास. मी ज्या लाखेनं तुला पकडणार होतो तिच्यावर तू भरवसा टाकला होतास, आणि त्या लाखेनं खरंच साक्ष दिली होती, दर वेळी, माझ्यासमोर. मी ती कागदावर उतरू दिली नाही.

आक्कांनी पदर सारखा केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "लाख तर कवा फुटली न्हाय. कुनीतरी काय लिवलं म्हनूनच त्याची नोकरी गेली म्हनं. मग ते वंगाळ कागुद कुनी लिवलं रं वसंता? तू तितंच व्हतास. तुला ठावं असंल."

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? ह्यांना माहीत आहे आणि मुद्दाम विचारताहेत. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांत काही नव्हतं, रडून सुजलेले डोळे होते फक्त. मुलगा गेलेली बाई एक प्रश्न विचारत होती आणि मी तो प्रश्न उलटासुलटा करून बघत होतो. "बघतो आक्का," एवढं म्हणून मी उठलो. चपला घातल्या. मागं वळून बघितलं नाही.

तेव्हापासून हे लिहितोय. या वेळी मराठीत लिहितोय. दोन दिवस झाले, खाडाखोड फार झाली आहे, पण जे खोडलं ते सगळं माझी बाजू सांभाळणारं होतं. तुला माहीत होतं का, हे मी आता विचारणार नाही. तुला विचारून काही मिळणार नाही, आणि खरं म्हणजे ते तुझ्याकडं मागायचंच नव्हतं.

आक्कांना वाचता येत नाही. उद्या सकाळी मी हे कागद घेऊन तुझ्या घरी जाणार आहे आणि त्यांच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. त्या चार ओळींपाशी आलो की थांबणार नाही. खाली माझं नाव आहे, तेही वाचून दाखवीन. मग त्यांनी पाणी दिलं तर पिईन.

वसंत